हिदरटू सर

"सर, जेवलात का?" असं कोणी विचारलं, तर ते मान वर न करता म्हणायचे, "हिदरटू नाही."

लग्न केलं का? हिदरटू नाही. नागपूर पाहिलं का? हिदरटू नाही. एकदा रजिस्टर पत्र घेऊन आलेला पोस्टमन जिना चढून दमला होता. तो वैतागून म्हणाला, "सर, केव्हाचा आवाज देऊन राह्यलो. मेले का काय तुम्ही?" सरांनी सही करता करता त्यालाही तेच उत्तर दिलं. पोस्टमन खालच्या सायकलच्या दुकानात जाऊन पोट धरून हसला आणि त्या दिवसापासून अख्ख्या यवतमाळात त्यांचं नाव हिदरटू सर पडलं. त्यांचं खरं नाव मला आता आठवत नाही, असं मी सगळ्यांना सांगते. ते खोटं आहे. आठवतं, पण सांगणार नाही.

हिदरटू हा इंग्रजीतला एक म्हातारा शब्द. अर्थ एवढाच की आतापावेतो, या घडीपर्यंत. बोलण्यातून तो कधीच गेला होता, पण वर्तमानपत्रांनी त्याला बरीच वर्षं सांभाळलं. हिदरटू अनोळखी इसम, हिदरटू शांत असलेलं गाव, असा तो बातमीत काठी टेकत यायचा. सर नागपूरच्या एका इंग्रजी दैनिकाचे यवतमाळ जिल्ह्याचे वार्ताहर होते आणि त्यांची एकही बातमी या शब्दाशिवाय खोलीबाहेर पडत नसे. कपाशीवर अळी आली, तर ती हिदरटू न दिसलेली. पुसदच्या गाडीचं चाक निखळलं, तर प्रवासी हिदरटू रस्त्याच्या कडेला बसून.

मी त्यांची टायपिस्ट होते.

आता माझ्या पायाला तेल लावता लावता नात विचारते, "आजी, तू तेव्हा स्मार्ट होतीस का?" तिला काय सांगू? बाभुळगावची मी, बी. ए. इंग्रजी, दोन वेण्या, आणि डोळ्यांवर काळा गॉगल. तो गॉगल मी एसटीतसुद्धा काढत नसे. आधीच काचांवर धूळ, त्यात गॉगल, त्यामुळे मला काही दिसायचं नाही. एकदा मी खाकी सदरा घातलेल्या एका भल्या शेतकऱ्याकडे दहा मिनिटं तिकिटासाठी हात पसरून बसले होते. तो बिचारा शेवटी म्हणाला, "बाई, मीच फुकट चाल्लो." (गाडीचा ड्रायव्हर त्याचा मेहुणा होता.) एवढी स्मार्ट.

मला खात्री होती की एक दिवस नागपूरचे संपादक माझं टायपिंग पाहून थक्क होतील आणि मला बोलावून घेतील. त्यांच्या ऑफिसात माझी खुर्ची कोणत्या खिडकीजवळ असेल हेही मी ठरवलं होतं. मी ते ऑफिस पाहिलेलं नव्हतं.

सरांची खोली सायकलच्या दुकानावर होती. मागच्या बाजूला कापसातून सरकी काढणारं एक जिनिंग होतं. दिवाळीनंतर कापूस यायला लागला की दिवसभर तिथून घरघर यायची आणि हवेत कापसाचे तंतू तरंगायचे. सर खिडकी लावू द्यायचे नाहीत. दुपारचं ऊन तिरपं आत आलं की त्यात ते तंतू इतके हळू खाली येत, की ते पडताहेत की वर चाललेत ते कळायचं नाही. टाइपरायटरवर, रजिस्टरवर, सरांच्या काळ्या कोटाच्या खांद्यांवर ते बसत. सर डोळे मिटून बातमी सांगायचे. अर्ध्या वाक्यावर थांबायचे. मला वाटायचं झोपले. मग एखादा तंतू त्यांच्या पापणीवर येऊन बसायचा, पापणी हलायची, आणि वाक्य जिथे सोडलं होतं तिथून पुढे निघायचं. मीही त्या घरघरीत पेंगायची. त्या खोलीतल्या कितीतरी दुपारी मला आता स्वप्नात पाहिल्यासारख्या आठवतात, आणि त्यातल्या काही मी खरंच स्वप्नात पाहिल्या असतील.

पाठवलेल्या प्रत्येक बातमीमागे ते खिडकीच्या कठड्यावर एक बी ठेवत. संत्र्याच्या दिवसांत संत्र्याची, त्याआधी सीताफळाची, उन्हाळ्यात चिंचोके. महिना संपला की सगळ्या बिया मागच्या मोकळ्या जागेत फेकायच्या.

"त्यातलं काही उगवलं का, सर?"

"हिदरटू नाही."

बातम्या एसटीने जायच्या. खाकी पाकीट, त्यावर मोठ्या अक्षरात 'प्रेस', आणि ते दुपारच्या नागपूर गाडीच्या कंडक्टरच्या हातात द्यायचं. तिकडे स्टँडवर पेपरचा शिपाई येऊन घेऊन जायचा. सर स्वतः पाकीट द्यायला जायचे आणि गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत उभे राहायचे. मुलीला सासरी पाठवल्यासारखे. मी एकदा विचारलं, "सर, एवढे शब्द जाते नागपूरला, तुम्ही काहून नाही जात?"

"दोघांनी कायले जायचं? ते जातात ना."

आता माझा प्रताप सांगते.

कॉलेजात आमचे एक प्राध्यापक होते. ते सांगायचे की जुन्या शब्दांना ट्रंकेतल्या कपड्यांसारखा डांबरगोळ्यांचा वास येतो. आधुनिक इंग्रजी म्हणजे आखूड वाक्य. हे मी वहीत लिहून घेतलं होतं आणि खाली लाल शाईने दोन रेघा ओढल्या होत्या. तेव्हा हिदरटू टाइप करताना मला नागपूरचे ते थक्क व्हायला बसलेले संपादक दिसायचे. ते नाक मुरडत होते. पंधरा दिवस मी सोसलं. मग एक दिवस सरांनी शब्द सांगितला आणि मी तो सोडून पुढचा टाइप केला. सरांचे डोळे मिटलेले होते. काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडला. मग माझी बोटं आपोआपच त्यावरून उडी मारायला लागली. सर टाइप केलेली कॉपी वाचत नसत; "तू बी. ए. आहेस" म्हणत आणि पाकीट चिकटवत. माझ्यावर कोणी इतका विश्वास टाकला की मी काय करते ते पाहा.

पेपर आला की सर आपली बातमी कापून रजिस्टरात चिकटवत. आपला शब्द त्यात नाही हे त्यांच्या लक्षात यायला दोनच दिवस लागले. ते बराच वेळ कात्रणाकडे पाहत राहिले. मग टोकदार पेन्सिल घेऊन, जिथे शब्द असायला हवा होता त्या जागी त्यांनी एक बारीक बाण काढला आणि वर सुंदर अक्षरात लिहिलं, हिदरटू. त्यानंतर रोज एक बाण.

"नागपूरच्या डेस्कवर कोणी नवा शहाणा आलेला दिसतो," ते म्हणायचे.

"असंल, सर."

"त्याला काय वाटत असेल हा शब्द कापताना?"

"त्याचं त्याले ठाऊक, सर."

नवा शहाणा त्यांच्या समोरच बसलेला होता, दोन वेण्या घालून. मला वाटलं होतं, चार दिवस बाण काढतील आणि सोडून देतील. सहा महिने झाले. त्यांनी नागपूरला ना पत्र लिहिलं, ना तक्रार केली. रजिस्टरात बाणांची रांग लागली, आणि एकाही बाणाची रेघ दुसऱ्यापेक्षा जाड नव्हती. रागावलेल्या माणसाची रेघ जाड होते. हे मी आता म्हणते. तेव्हा मला ते बाण पाहून फक्त हसू यायचं, आणि हसू आवरायला मी गॉगल लावायची.

मग ती बाई आली.

दिग्रसकडची होती. तिचा नवरा जिनिंगात फिटर. आठ दिवसांपूर्वी धरणाच्या काठावर त्याची सायकल, सदरा आणि चपला सापडल्या होत्या. तो नाही. लोकांनी होड्या घालून पाणी पाहिलं, काही हाती लागलं नाही. एका मराठी पेपरात आलं की तो बुडाला, दुसऱ्यात आलं की तो आदिलाबादकडे पळाला. बाईने दारातच चप्पल काढली आणि उभी राहिली. दोन्ही हात पदराखाली होते.

"इंग्रजी पेपरवाले सायेब तुमीच का?"

"हो. बसा."

ती बसली नाही. "सायेब, मेला असं छापू नोका."

सरांनी डोळे उघडले. एवढे पूर्ण उघडलेले मी प्रथमच पाहिले.

"सासरा म्हंते, मराठी पेपरवाले आपल्यातलेच, काईबी लिहितेत. इंग्रजी पेपर कोनाच्या वळखीचा नसते. त्यात जे येईल ते खरं. आमच्या गावचे हेडमास्तर वाचून सांगतेत. मेला असं आलं की मग..." तिने हात पदराबाहेर काढले. मनगट ते कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या होत्या. बहुतेक निघताना घरात होत्या तेवढ्या सगळ्या चढवल्या असाव्यात. "सासू वाटच पाहून राह्यली. हे उतरले का मी गेली, सायेब. माहेरी कोनी नाई. तो नाई सापडला हे खरं हाये. तेवढंच छापा."

सर म्हणाले, "बाई, याच्यासाठी इंग्रजीत एक शब्द आहे."

"काय शब्द?"

"हिदरटू. म्हणजे आतापावेतो. आतापावेतो सापडला नाही."

बाईने तो शब्द तोंडातल्या तोंडात घोळवून पाहिला. "मंग उद्या सापडू शकते."

"शब्दाची अडचण नाही."

ती गेली. सर खोलीत फेऱ्या मारायला लागले. बातमी तर पाठवायचीच होती. पोलिसांनी पंचनामा केला होता, मराठीत छापून आलं होतं, नागपूरहून विचारणाही झाली होती. "डेस्कवरचा तो शहाणा," सर म्हणाले, "शब्द कापेल आणि वर मथळा देईल, बुडून मृत्यू. चार ओळींच्या बातमीला कोण विचार करतो?" मग डोळे मिटून त्यांनी चार ओळी सांगितल्या. मी टाइप केल्या. सरांनी पाकीट चिकटवलं, कोटाची बटणं लावली, आणि पाकीट कंडक्टरच्या हातात न देता स्वतः गाडीत जाऊन बसले.

हिदरटू नागपूर न पाहिलेले सर नागपूरला निघाले होते. एका शब्दासाठी.

मी स्टँडवर उभी होते, गॉगल लावून, मजा बघत. गाडी सुरू झाली तेव्हा माझ्या बोटांना काहीतरी आठवलं. डोक्याला नाही, बोटांना. त्या चार ओळी टाइप करताना त्यांनी नेहमीसारखी उडी मारली होती.

मी धावले. माझं ते धावणं बघायला हवं होतं तुम्ही. एक चप्पल शेंगदाण्यावाल्याच्या टोपल्यात गेली. गॉगल नाकावरून घसरून ओठांवर आला. "सर, थांबा, सर," म्हणून मी ओरडत होते, आणि खिडकीतून सरांनी मला हात हलवून निरोप दिला. मोठ्या प्रवासाला निघालेला माणूस देतो तसा. गाडी वळणावरून गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत उभं राहायची पाळी त्या दिवशी माझी होती.

"बाई, चप्पल घ्या," शेंगदाणेवाला म्हणाला. "नवरा होता का?"

"हिदरटू नाही," माझ्या तोंडून गेलं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास सर जिना चढून आले. कोटावर धूळ, हातात पेपर. मी खुर्चीच्या टोकावर बसून होते. राजीनामा टाइप करून ठेवला होता आणि त्यात, आखूड वाक्यांच्या मोहात, तीन चुका होत्या. सरांनी पेपर माझ्यापुढे ठेवला. आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, चार ओळी. आणि मथळ्यात, ठळक टाइपात, हिदरटू.

"छापलं," ते म्हणाले. मग कोट खुंटीला अडकवला, कठड्यावर एक बी ठेवली आणि डोळे मिटले. "घे. कपाशीचे भाव."

दुसरं काही नाही. पण त्या दिवशी बातमी सांगताना तो शब्द आला आणि सर थांबले. उजवा हात मांडीवर होता. मी टाइप करायला लागले तशी त्यांची बोटं मांडीवर हलली. एकेका टकटकीला एक. हिदरटू इंग्रजीत लिहायला आठ अक्षरं लागतात. आठ टकटकी झाल्या, बोटं थांबली, आणि वाक्य पुढे निघालं. त्यानंतर ते होते तितकी वर्षं, रोज. मी माझा राजीनामा पर्समध्ये घरी नेला आणि चुलीत घातला.

नागपुरात काय झालं हे मला खूप वर्षांनी कळलं. सरांच्या माघारी त्यांच्या जागी मी वार्ताहर झाले, तेव्हा एकदा त्या ऑफिसात जायचा योग आला. (खिडकीजवळ खुर्ची नव्हती. खिडकीच नव्हती.) तिथे निवृत्तीला आलेले एक उपसंपादक होते. ते म्हणाले, "तुमचे सर एकदाच आलते. म्हणाले, माझा शब्द काहून कापता? आम्ही म्हटलं, आम्ही कायले कापू? आम्हाला तर आवडायचा. येणंच बंद झालं." मग त्यांनी खिळ्याला टोचून ठेवलेल्या त्या आठवड्याच्या कॉप्या काढून सरांपुढे ठेवल्या. सरांनी एकेक कागद पाहिला, सगळे नीट रचून परत दिले आणि म्हणाले, "आमच्या मशीनला तो शब्द जमत नाही. जुनं मशीन आहे." त्या दिवशीच्या कॉपीत त्यांनी पेनाने शब्द घातला, मथळाही स्वतःच्या हाताने लिहून दिला, आणि पान छपाईला जाईपर्यंत तिथल्या बाकावर बसून राहिले.

सरांची माफी मागितली का, असं नात विचारते. हिदरटू नाही.

बांगड्या राहिल्या. गावात हेडमास्तरांनी पेपर वाचून 'आतापावेतो बेपत्ता' असा अर्थ सांगितला. सासरा म्हणाला, पेपरवालेच थांबून राह्यले तर आपल्याला काय घाई? आणि थांबणं एकदा सुरू झालं की सवयीचं होतं. ती बाई तिथेच राहिली, सासूचं दुखणं तिनेच काढलं. दरवर्षी तुरीच्या शेंगा भरल्या की यवतमाळात यायची, एक पिशवी दारात ठेवायची.

"काई बातमी, सायेब?"

सर रजिस्टर उघडायचे. खरंच पानं उलटून पाहायचे. "हिदरटू काही नाही, बाई."

"मंग बरं," म्हणायची, आणि जायची. खाली जिन्यात बांगड्या वाजत जायच्या. जिनिंगच्या घरघरीतही त्या बराच वेळ ऐकू यायच्या.

सर गेले ते एका उन्हाळ्यात, दुपारी, खुर्चीत. मला वाटलं वाक्याच्या मध्ये थांबलेत. मी बराच वेळ बोटं टाइपरायटरवर ठेवून वाट पाहिली.

बातमी मीच पाठवली. चार ओळी. या दैनिकाचे हिदरटू यवतमाळचे वार्ताहर, असं मी लिहिलं होतं, आठही अक्षरं मोजून. दुसऱ्या दिवशी पेपर आला तर चारच्या तीन ओळी झालेल्या आणि शब्द नाही. डेस्कवर खरोखरच कोणीतरी नवा शहाणा आला होता. त्याचं वय काय असेल, याचा मला अंदाज होता. मला राग आला नाही. मी कात्रण रजिस्टरात चिकटवलं, पेन्सिलीला टोक केलं, आणि जिथे जागा होती तिथे बाण काढला. रेघ जाड होऊ दिली नाही.

त्या वर्षी तुरीच्या दिवसांत बाई आली. केस पांढरे झाले होते. हातात हिरव्या बांगड्या. रिकामी खुर्ची तिने पाहिली, कोटाची खुंटी पाहिली.

"सायेब?"

"गेले, बाई. उन्हाळ्यात."

तिने पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "पेपरात आलं का?"

मी रजिस्टर उघडून तिच्यापुढे धरलं. तिला वाचता येत नव्हतं. तिने कात्रणावरून बोट फिरवलं, सावकाश, एकेका ओळीवरून, आणि बोट पेन्सिलीच्या बाणापाशी येऊन थांबलं.

"हे हातानं लिवलेलं काय हाये?"

"हिदरटू."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग पदर सारखा केला. कठड्यावर सरांच्या शेवटच्या महिन्याचे चिंचोके तसेच रांगेत होते, त्यातला एक उचलून तिने पदराच्या टोकात बांधला.

"मंग बरं," म्हणाली, आणि दिग्रसची गाडी पकडायला जिना उतरायला लागली.